शेवटचा अर्धा सेकंद

लिनक्सला आवाज मी दिला! अख्ख्या लिनक्सला नव्हे, तेवढं माझं डोकं फिरलेलं नाही. पण दोन हजार एक साली आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजात वीस स्वस्त कॉम्प्युटर आले, त्यांच्या आवाजाच्या चिपला लिनक्सवर तोंड नव्हतं, ते मी फोडलं. लिनक्स म्हणजे फुकटात मिळणारी, कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी आणि जगाला परत द्यावी अशी प्रणाली. आमच्या लॅबमध्ये ती सुरू व्हायची, चित्रं दाखवायची, आणि गाणं लावलं की शोकसभेत बसल्यासारखी गप्प राहायची. कारण त्या चिपचा ड्रायव्हरच कुणी लिहिला नव्हता. ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि चिप यांच्यामधला दुभाषा. मी म्हटलं, मी लिहितो! मी म्हणजे लॅबचा सहायक शेषराव. सहायकाचं काम खुर्च्या मोजणं आणि धूळ पुसणं, पण स्वप्नांना कुठं पगारश्रेणी असते?

सात महिने लागले. माझी बायको कोकिळा म्हणायची, "त्या डब्ब्याले बोलतं करून राह्यले, अन् घरात मातर स्वतः मुके!"

शेवटी एकदाचा डबा गायला. मी शंभर गाणी वाजवून पाहिली. सगळी स्वच्छ! आता ड्रायव्हर इंटरनेटवर जाहीर करायचा, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात सुलतानपूरहून निरोप आला, की माझे सासरे उकंडराव गेले.

ते जाणार हे ठाऊक होतं. तंबाखूनं गळा खाल्ला होता. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन केलं तर माणूस थोडा टिकेल, आवाज मात्र जाईल. माणूस भाजीपाल्याचा मळा करणारा, सहीपुरता शिकलेला. म्हणजे आवाज गेला की सगळंच बोलणं संपलं. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कोकिळेनं टेपरेकॉर्डर समोर ठेवला आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. "बाबा, ज्याले जे सांगाचं थे सांगा." उकंडराव दहा मिनिटं एकटेच आत होते, दम घेत घेत थोडंच बोलले. मग चार महिने नुसते हातवारे, आणि मग तेही थांबले.

कॅसेट कुणी ऐकली नव्हती. ती दशक्रियेच्या दिवशीच ऐकायची, असं सासूबाईंनी, म्हणजे मनकर्णाबाईंनी, ठरवलं होतं.

आणि इथं मी तोंड उघडलं. "कॅसेटचा काय भरवसा? मी कॉम्प्युटरात घेतो. बाबांचा आवाज अमर होईल!"

कॉलेजात नेऊन मी टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडली. कान बंद ठेवले, कारण दशक्रियेआधी ऐकायचं नाही अशी शपथ होती. ऐकायची गरजही नव्हती. पडद्यावर आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो. बोलणं आलं की डोंगर, गप्प झाले की सपाट. चार रांगा दिसल्या. प्रत्येक रांग संपते तिथं मी अगदी नेमकं कापलं, एक तसूभर शांतता शिल्लक ठेवली नाही. शिंप्यानंही हेवा करावा अशी कात्री!

मग टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली. शेवया ओढाव्यात तशी सगळी फीत बाहेर आली आणि तीन ठिकाणी तुटली. पण मी स्वतःला समजावलं, आवाज तर आत सुखरूप आहे!

दहाव्या दिवशी मी कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून एसटीनं सुलतानपूरला पोचलो. मेहकरपर्यंत तो माझ्या मांडीवर आणि कंडक्टरचा डोळा माझ्यावर. नदीवरून विधी उरकून सगळे पाहुणे अंगणात बसले होते. माझा मेव्हणा इंद्रभान, उकंडरावांचा एकुलता मुलगा, डोकं भादरलेला, डोळे सुजलेले, म्हणाला, "दाजी, लोकं लय हायत. मागच्याईले ऐकू येनार नाही." आणि त्यानं भजनी मंडळाचा भोंगा आणून कॉम्प्युटरला जोडला! आता अंगणच काय, अर्धं सुलतानपूर ऐकणार होतं. मी छाती फुगवून पहिला तुकडा लावला.

भोंग्यातून उकंडरावांचा घोगरा आवाज आला आणि बायकांनी हंबरडा फोडला. आवाज म्हणत होता, "लोकं काहीबी म्हनोत. माह्या तेरवीले गावजेवन घालाचं."

खट्. शांतता.

"बाबानं सांगतलं!" इंद्रभान रडत म्हणाला. "गावजेवन होईन!"

दुसरा तुकडा. "इंद्रभान, मी नसलो तरी मळा राह्यला पायजे. बैलजोडी इकाची."

इंद्रभानचा चेहरा पांढरा पडला. ते बैल त्यानं वासरं असल्यापासून हातानं चारले होते. "बैल? काऊन इकाचे, बाबा?" त्यानं भोंग्याला विचारलं. भोंगा काय सांगणार?

मला वाटलं, आता काहीतरी हलकंफुलकं यावं. तिसरा तुकडा लावला. "कोकिळे, तू चिंता करू नको. तुहा नवरा, लोकं म्हन्तात तसा बावळट."

पाहुण्यांपैकी कुणी हसलं नाही, हे त्याहून वाईट! सगळ्यांनी सहानुभूतीनं माझ्याकडं पाहिलं. एका म्हाताऱ्यानं तर मान डोलावली. मी घाईघाईनं चौथा तुकडा लावला, आणि तोच लावायला नको होता.

"मनकर्णे," भोंगा म्हणाला, आणि सासूबाईंनी पदर सावरला, जणू ते दारातून आत येत होते. "चाळीस वर्सं झाले. आता जाता जाता खरं सांगतो. तुह्यासंगं लगन करून मी चुकलो."

खट्.

अंगणात कावळा ओरडला तेवढाच. मनकर्णाबाई उठल्या. रडल्या नाहीत. "मेल्यावर तरी खरं बोलले," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसल्या.

पुढचं सांगताना मला आजही बरं वाटत नाही. तेरवीला गावजेवण झालं. पंगतींवर पंगती उठल्या. इंद्रभाननं बैल बाजारात नेले. जालन्याकडच्या एका व्यापाऱ्यानं त्यांचे कासरे धरले, तेव्हा एका बैलानं तीनदा मागं वळून पाहिलं म्हणे. आणि सासूबाईंनी देव्हाऱ्याशेजारचा लग्नानंतरचा दोघांचा फोटो काढून कणगीमागं ठेवला. दिवसातून अर्धी भाकरी, तीही कोकिळेनं हातात दिली तर. बोलणं बंद. घरात पुन्हा एक मुकं माणूस.

आणि मी? मला बावळट हा शब्द लागला होता! जगाला दाखवतोच म्हणून मी सायबर कॅफेत जाऊन त्याच आठवड्यात ड्रायव्हर जाहीर केला. लोकांची पत्रं आली. कुणी धन्यवाद दिले, कुणी म्हणालं गाणी झकास वाजतात. मी ती पत्रं छापून घरी आणायचो आणि कोकिळेच्या समोर पडू द्यायचो. ती त्यावर कोथिंबीर निवडायची.

मग जर्मनीतल्या एका निवृत्त मास्तराचं पत्र आलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, फार सभ्य. मी रेडिओच्या बातम्या साठवून ऐकतो, असं त्यानं लिहिलं होतं. तुमच्या ड्रायव्हरवर प्रत्येक तुकड्याचा शेवटचा अर्धा सेकंद वाजत नाही. गाण्यात कळत नाही, तिथं शेवटी शांतताच असते. पण आमच्या भाषेत बऱ्याचदा क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे मंत्री आहेत हे कळतं, पण त्यांनी काय केलं ते कळत नाही.

मी हसलो! मोठ्यानं हसलो, कॅफेवाल्यानं वर पाहिलं. बिचारे जर्मन, म्हटलं, शेवटाला इतकी महत्त्वाची गोष्ट ठेवायचीच कशाला? आमच्या भाषेत बघा, शेवटी येतं ते...

मी तसाच उठलो आणि लॅबकडं पळालो.

चूक सापडायला दहा मिनिटं लागली. ड्रायव्हर आवाज मापानं ओततो. माप भरलं की ओत, भरलं की ओत. पण शेवटचं माप कधीच काठोकाठ भरत नाही. आणि मी लिहून ठेवलं होतं, की न भरलेलं माप ओतायचं नाही. चार ओळी बदलल्या. कोकिळेला लॅबमध्ये बोलावलं आणि चारही तुकडे लावले.

"गावजेवन घालाचं नाही."

"बैलजोडी इकाची नाही."

"लोकं म्हन्तात तसा बावळट नाही."

"लगन करून मी चुकलो नाही."

मला वाटलं कोकिळा मला काहीतरी फेकून मारेल. ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "बैल गेले ना हो." मग म्हणाली, "उठा. पयली गाडी पकडा. माह्या मायले सांगू द्या."

पुन्हा गोधडी, पुन्हा एसटी, पुन्हा सुलतानपूर. या वेळी भोंगा नाही, पाहुणे नाहीत. चुलीपुढं सासूबाई, दारात इंद्रभान, मध्ये कोकिळा आणि मी. मी मापाची चूक समजावून सांगितली आणि चारही तुकडे ओळीनं वाजवले.

वाजून झाल्यावर इंद्रभान उभा राहिला. "दाजी, तुमी मले येडा समजता काय? सगळ्याईच्या मागं एकच 'नाही' चिकटवलं! माय जेवत नाही म्हून बनवलं ना हे? अन् वरून सोतालेही एक लावून घेतलं!"

"अरे, देवाशपथ! हे बाबांचंच..."

"मंग कॅसेट दाखवा! कॅसेट कुठी हाय?"

कॅसेट कुठं आहे हे सांगायची वेळ आली तेव्हा कळलं, की शेवयांची उपमा प्रत्येक प्रसंगी चालत नाही.

"माह्या बैलाईले 'नाही' होतं," इंद्रभान म्हणाला, आता आवाज फुटला होता, "तर थे आता सांगता? कुठी शोधू मी त्याईले?" तो वळून गोठ्याकडं गेला. गोठ्यात दोन रिकामी दावी होती, तो तिथंच खाली बसला.

तेवढ्यात चुलीपासून आवाज आला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

"माह्यावालं पुन्हा लावा."

मी लावलं. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. "पुन्हा." मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

"हे त्याईचंच 'नाही' हाय," त्या म्हणाल्या.

"माय, तुले कसं कळलं?" कोकिळेनं विचारलं.

"चाळीस वर्सं मी दुसरं काय ऐकलं वं? च्या घेता काय? नाही. लेकीकडं येता काय? नाही. डाक्टरकडं चला! नाही." त्यांचे डोळे भरून आले होते, पण तोंडावर हसूही होतं. "समोरचा दात पडला तवापासून त्याईच्या 'नाही'च्या शेवटी बारीक शिटी वाजे. तशी शिटी दुसऱ्या कोनाची नाही. हे खरं हाय."

मग त्या उठल्या, हात धुतले, पिठाचा डबा काढला आणि स्वतःच्या हातानं भाकरी थापायला बसल्या. पहिली भाकरी गोठ्यात इंद्रभानला पाठवली. त्यानं परत पाठवली नाही.

मी जेवायला बसलो. सासूबाईंनी ताटात पिठलं वाढलं.

"जवाईबापू, माह्यावाल्याले शिटी हाय. जेवनाच्याले हाय. बैलाच्याले बी हाय."

"हो ना, मामी!" मी खूश झालो.

"तुमच्यावाल्याले नाही."

"काय नाही?"

"शिटी नाही. थे तुमी जोडलं."

मी जोडलेलं नाही! तुमची शपथ घेऊन सांगतो! बुलढाण्याला परत आल्यावर मी तो तुकडा हेडफोन लावून सतरा वेळा ऐकला. आवाज वाढवून ऐकला, गती कमी करून ऐकला. शिटी खरंच नाही. का नाही, देव जाणे. दम लागला असेल, तोंड वळवलं असेल. हे सगळं मी कोकिळेला आकृती काढून समजावलं.

ती म्हणाली, "हाव, असंन."