बाई कुठल्या देशात मेली?

आमच्या शेजारच्या सुशीलाअक्कांना कुठल्याही पिक्चरचं नाव सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या देशातली कॉपी?"

हिरो कोण, गाणी कशी, असलं त्या विचारत नाहीत. त्यांच्या पिक्चरांत गाणी नसतातच. अक्का बघतात ते इटलीतले जुने, भीतीचे पिक्चर. हातमोजे घातलेला खुनी, अंधारा जिना आणि किंचाळणारी बाई. भालकीत राहणारी, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेली, दर पौर्णिमेला न चुकता विहारात जाणारी बाई हे असलं बघते, असं मी कॉलेजात सांगितलं तेव्हा कुणाला खरं वाटलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे समोरच्यानं जरा शंका घेतली की मलाच वाटायला लागतं, आपलं काहीतरी चुकलं असेल. पण हे चुकलेलं नाही.

हे पिक्चर परदेशात गेले की नाव बदलतात, हेही मला अक्कांनीच शिकवलं. त्यांच्या आवडीचा एक पिक्चर आहे. इटलीत त्याचं नाव 'तिसऱ्या जिन्यावरची बाई' अशा अर्थाचं आहे. अमेरिकेत गेल्यावर तो 'किंचाळी ऐकू नका' झाला, जर्मनीत 'काळ्या हातमोज्याचा पाहुणा', आणि हिंदीत कुणीतरी त्याला 'डायन की दावत' करून टाकलं. त्यात डायन नाही आणि दावतही नाही.

"अक्का, मग खरं नाव कुठलं?" मी एकदा विचारलं.

"सगळीच खरी," अक्का म्हणाल्या. "आपल्या बसच्या पाटीवर गावाचं एक नाव असतंय, कंडक्टर एक म्हणतोय, आपण एक म्हणतो. उतरतो तिथंच की."

एका देशात तर त्या पिक्चरवर 'भाग तिसरा' असं छापलं होतं. अक्का पहिला आणि दुसरा भाग शोधत बसल्या, आणि त्यांच्यासाठी इंग्रजीत नावं टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. आख्खा उन्हाळा त्यात गेला. शेवटी कळलं की पहिला आणि दुसरा कुणी काढलाच नव्हता. कुठल्यातरी दुसऱ्याच गाजलेल्या पिक्चरचं शेपूट म्हणून हा खपवला होता. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जणू मीच तो पिक्चर तिकडं नेऊन विकला होता.

दुपारी गल्लीतल्या बायका अक्कांच्या ओसरीवर तूर निवडायला बसतात आणि अक्का त्यांना गोष्ट सांगतात. नर्सच्या नजरेनं सांगतात. "एवढं रक्त गेल्यावर माणूस एवढं बोलतंय का? बीपी कुठं गेला असंल त्याचा! आणि एकजण सलाईन लावंना." मग मध्येच थांबतात. "हितं इंग्लंडवाल्यांनी कापलंय. सुरा वर जातोय, आणि एकदम दुसऱ्या दिवशीचं पोलीस स्टेशन."

समोरच्या शेवंतामावशींना हे सहन होत नाही. "अक्का, ते ऱ्हाऊ द्या. ती बाई मेली का न्हाई, ते सांगा."

"कुठल्या देशात?"

"आता काय बाई! भालकीत मेली का न्हाई?"

"जर्मनीत वाचती," अक्का शांतपणे म्हणतात. "शेवटचा सीनच न्हाई तिथल्या कॉपीत."

"मग आमची जर्मनीची कॉपी," असं म्हणून शेवंतामावशी सूप झटकतात.

आम्हा सगळ्यांना वाटायचं, जन्मभर दवाखान्यात रक्त बघितलं, त्याशिवाय ह्यांना आता करमत नसेल. मलाही तसंच वाटायचं. मग एका दुपारी अक्कांनी मला हाक मारली. बऱ्याच दिवसांनी त्यांना 'तिसऱ्या जिन्यावरची बाई'ची इटलीतली पूर्ण, लांब कॉपी सापडली होती. मी पहिल्यांदाच त्यांच्याजवळ बसून पिक्चर बघायला लागले.

दाराआडून हातमोजा निघाला. मी ओढणी तोंडावर घेतली.

"पळव," अक्का म्हणाल्या.

"आं?"

"पळव गं ते पुढं. कोण बघतंय ते."

मी पळवलं. खून झाला, पोलीस आले, गेले. मग एक बाई बाजारातून लांब पाव घेऊन घरी निघाली. नुसती चालत होती. गल्ली, दगडी फरशी, या घरापासून समोरच्या घरापर्यंत बांधलेल्या दोरीवर कपडे.

"आता मागं घे," अक्का म्हणाल्या. "परत लाव."

तीन वेळा लावलं. मला राहवलं नाही. "अक्का, हितं तर काहीच होत न्हाई."

"म्हणून तर कापलं त्यांनी. अमेरिकेच्या कॉपीत हे न्हाईच. जर्मनीच्यात न्हाई. खून ठेवले आणि चालणं कापलं." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "बघ, हितले लोक घरात चपला घालतात. खिडकीला लाकडाच्या फळ्या. आमची सुजी असल्याच गल्लीनं जात असंल का गं?"

सुजी म्हणजे सुजाताताई, अक्कांची एकुलती एक मुलगी. ती इटलीत आहे, एका म्हातारीला सांभाळायच्या कामावर. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी आमच्यापैकी कुणीच कधी दोन आणि दोन जोडले नव्हते.

"पण त्या तर दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात की," मी म्हणाले.

"करती. पांढरं कपाट असतंय मागं. गेल्यापास्नं मी कपाटच बघायलेय."

"मग घर दाखव म्हणा."

"म्हणलं एकदा. पसारा पडलाय म्हणाली." अक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "एवढे दिवस पसारा ऱ्हातंय का कुणाच्या घरात? दाखवायसारखं असतं तर दाखवली असती. मी परत इचारलं न्हाई."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे होते तेव्हाच कॉल आला. सुजाताताईनं हसत विचारलं, "काय आई, आज किती मुडदे?" मागं पांढरं कपाट होतं. अक्का हसल्या, म्हणाल्या, दोनच. मी बोलायला नको होतं की काय, अजून मला ठरवता येत नाही. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, अक्का मुडदे बघतच न्हाईत. ते पळवतात. तुमच्या तिकडच्या गल्ल्या बघायला लावतात ते पिक्चर."

तिकडं ताईनं मोबाईल तोंडाजवळ घेतला. अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उठून जावंसं वाटलं.

"व्हय का, आई?"

अक्का पदर सारखा करायला लागल्या.

"थांब," ताई म्हणाली. कपाट हललं. दार उघडल्याचा आवाज आला, मग पायऱ्या, मग एकदम पांढरं ऊन. मोबाईल फिरला. रस्ता होता. ओळीनं उभ्या केलेल्या गाड्या, बंद शटर, हिरवा कचऱ्याचा डबा, कुत्रं घेऊन चाललेला एक म्हातारा. दगडी फरशी नव्हती की दोरीवर कपडे नव्हते.

"हळू चाल गं," अक्का म्हणाल्या.

"हितं मी पाव घेते. ह्या कोपऱ्यावर बस येती. हे झाड बघ."

"कचरा रोज नेतात का?"

"रोज नेतात, आई."

"मग बरं हाय."

ताईनं त्या टोकापर्यंत चालून दाखवलं आणि परत आली. कॉल संपल्यावर अक्का मोबाईल मांडीवर ठेवून बसल्या. मला आनंद झाला होता. मी म्हणाले, "बघा, किती चांगला रस्ता हाय!"

"पायऱ्या चढून वर आली पोरगी," अक्का म्हणाल्या. "म्हणजी खोली रस्त्याच्या खाली हाय."

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"मला कळलंय म्हणून तिला बोलू नको. पळत आली बिचारी."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या ओसरीवर जमल्या. शेवंतामावशींना कुठून बातमी लागली होती, देव जाणे. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "अक्का, लेकीनं घर दाखवलं म्हणं काल! कसं हाय?"

अक्कांनी तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"चौथ्या मजल्यावर हाय," त्या म्हणाल्या. "मोठी गॅलरी हाय. दिवसभर ऊन येतंय."

"बाई, बाई! नशीब काढलं पोरीनं," शेवंतामावशी म्हणाल्या.

"व्हय," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कपडे तर घडीभरात वाळतात. व्हय की न्हाई गं?"

"व्हय," मी म्हणाले. "मी बघितलं की."