टवका उडालेला कप

गोदाआत्यानं बाजारातून कोराकरकरीत कप आणला आणि दारात बसून वरवंट्यानं त्याचा काठ फोडायला घेतला, तेव्हा मला वाटलं, बाई कामातून गेली. पहिल्याच ठोक्याला अख्ख्या कपाचा चुरा! "कच्चा माल देल्ला मेल्यानं," म्हणत ती तशीच उठली आणि दुसरा कप घेऊन आली. या वेळी मनासारखा टवका उडाला. बाहेरच्या भिंतीला खिळा ठोकून तिनं तो अडकवला आणि मला बजावलं, "मास्तर, याले हात लावसान त याद राखा. हा मडमेचा कप आहे."

तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं. मी जऊळक्याच्या शाळेत नवा मास्तर, आत्याच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. ती तशी कोणाचीच आत्या नव्हे, म्हणून सगळ्या गावाची. नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मळ्यातली वांगी-मेथी घेऊन ती स्टेशनामागे रेल्वेच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर जायची आणि तिथली भांडीही घासायची. मडमेनं तिच्या चहासाठी एक टवका उडालेला कप मागच्या ओसरीत खिळ्याला वेगळा टांगला होता. आतले कप आत्यानं घासायचे, पण ओठ लावायचा नाही. हेच तिला झोंबलं होतं.

"तिच्या घरी माहा कप बाहीर, त माह्या घरी तिचा बाहीर! फिट्टमफाट!"

"पण आत्या, मडम तुझ्याकडे येईल कशाला?"

"येईन ना! येईन तवा पाह्यजा."

सोवळ्यात तर दोघींची चुरसच होती. आत्याच्या हातून भाजी घेतली की मडम साबणानं हात धुवायची. बंगल्यावरून परतली की आत्या विहिरीवर डोक्यावरून अंघोळ करायची. थंडीत दात वाजायचे, पण तोंड चालूच. "गोऱ्यायचा विटाळ, बाप्पा! ते हात धुते त मी आंग धुतो. कोन जास्त सोवळं, सांगा!" आमच्याच गावात कितीतरी जणांचे पेले असेच बाहेर होते. ते तिला दिसत नव्हतं, आणि मास्तर असून मलाही नव्हतं.

रोज सकाळी ती तो कप राखेनं घासायची. शिमग्यात पोरांनी त्यात रंग कालवला, तर त्यांना तिनं पार स्टेशनापर्यंत पिटाळलं. जो तो विचारायचा, "आली का वं तुही मडम?" अशी तीन वर्षं गेली.

आणि मडम आली! साहेबाची बदली झाली होती. भर दुपारी छत्री घेऊन ती एकटीच चालत आली. निम्मं गाव कुंपणाशी गोळा. "गोडा, हम जाता है," असं म्हणून ती ओट्यावर चक्क गोणपाटावर टेकली. माझी नजर खिळ्यावर. आता खरी मजा!

आत्यानं चहा टाकला. बाहेर येऊन कप काढला, पदरानं पुसला, टवक्यावरून अंगठा फिरवला आणि तशीच आत गेली. परत आली ती नवऱ्याचा पितळी पेला घेऊन. मी तहानेनं मेलो असतो तरी तो पेला मला मिळाला नसता. मडमेनं फुंकत फुंकत चहा संपवला. मग आत्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ बसली, डोळे पुसले आणि गेली. कपाचं तिला काही कळलंच नाही.

गावाचा हिरमोड झाला. मी तर चिडलोच. "तीन वर्षं घासलास तो कप! मग ऐन वेळी काय झालं?"

आत्या पेला विसळत होती. "मास्तर, दारी आलेल्या मानसाले खिळ्यावरच्या कपात चा द्याचा..." तिनं पेला पालथा घातला. "ते कसं लागते, मले माईत आहे ना. तीन वर्स रोज पेत होती मी."

दिवस कलला तरी ती विहिरीकडे गेली नाही. मला राहवेना. "आज अंघोळ नाही? विटाळ झाला की!"

आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

"राहू द्या आजच्या दिस," ती म्हणाली. "लय वर्सापासून कोनं माहा हात नोता धरला."