सहासष्टाव्या वर्षी बाळंतीण

एकतीस वर्षं मी घाटमाथ्यावरच्या वेधशाळेत दिवसातून तीनदा तापमान, वारा आणि बर्फाची जाडी लिहिली. जवळजवळ चौतीस हजार नोंदी, आणि वहीत एकसुद्धा खाडाखोड नाही! त्यामुळे सरकारनं दवाखान्याचे कागद बंद करून "यापुढे सगळं फोनवरच्या ॲपमध्ये भरा" असं फर्मान काढलं, तेव्हा आमच्या कोक-जार गावात एकच माणूस घाबरला नाही. तो माणूस मी, असानकुन.

गावची नर्स जुमागुल मला बाइके, म्हणजे थोरला दादा, म्हणते. ती स्वतः म्हणाली, "बाइके, मी भरून देते. दहा मिनिटांचं काम."

"पोरी," मी म्हणालो, "तू जन्मायच्या आधीपासून मी रकाने भरतोय!"

हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं. पण ते ओघानं येईलच.

भरणं भाग होतं ते कालिपासाठी. कालिपा म्हणजे माझी बायको, वय सहासष्ट, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सात महिने रांगेत काढल्यावर जिल्ह्याच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनचा नंबर लागला होता. तारीख चौदा एप्रिल. अट एकच, घरातल्या सगळ्यांची नावं ॲपमध्ये हवीत.

आणि घाई होती ती उमसुनाईमुळे. आमची पहिली नात, दहा महिन्यांची. आमच्याकडे पहिलं नातवंड आजी-आजोबांचंच असतं. मुलगा एर्मेक आणि सून साइकाल राजधानीतून, बिश्केकहून आले, पोर कालिपाच्या मांडीवर ठेवली, "ही तुमची" म्हणाले, चहा पिऊन परत गेले. त्या दिवसापासून कालिपा तिची आई, मी बाप. तिचा सख्खा बाप जन्मभर तिचा दादा. हे आमच्या गावात गाढवालासुद्धा समजावून सांगावं लागत नाही.

कालिपा त्या पोरीला वासानं ओळखते, वजनानं ओळखते, रडण्यानं ओळखते. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसतं धुकं! आणि पोरगी तर बैठ्या मेजाला धरून उभी राहायला लागलेली. आमच्यात मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात आणि तो कापतात, म्हणजे पोर आयुष्यात कुठे अडखळत नाही.

"तो दोरा तुटताना मला दिसला पाहिजे," कालिपा म्हणायची. "नुसतं ऐकायचं असतं तर रेडिओ लावून बसले असते!"

तर मी चष्मा पुसला, चहा बाजूला सारला आणि ॲप उघडलं. घरातलं सर्वांत लहान मूल? उमसुनाई. वय? दहा महिने. आई? कालिपा. बाप? असानकुन. हिरवी खूण उमटली आणि खाली अक्षरं नाचली: "अभिनंदन!"

मला वाटलं, एकही चूक न करता भरलं म्हणून माझं अभिनंदन चाललंय. मी फोनला मान लववून "त्यात काय एवढं" असंसुद्धा म्हणालो. आता आठवलं की कान तापतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा बेइशे अंगणात धावत आला. टोपी मागे, जीभ पुढे. "सुयुन्चू! असाने, सुयुन्चू!"

म्हणजे आनंदाची बातमी आणली, आता बक्षीस काढ.

"कसली बातमी?"

"कालिपा बाळंत झाली!"

"बेइशे, सकाळी सकाळी प्यायलास का?"

"मी कशाला पिऊ? दवाखान्यात नवीन टीव्ही लावलाय ना, त्याच्यावर यादी येते. 'नवमाता' म्हणून! पहिलंच नाव तुझ्या बायकोचं. लेका, वेधशाळेत एकतीस वर्षं गारठूनसुद्धा तू म्हणजे... कमाल आहे! बरं, मला मेंढी दे. निदान टोपी तरी दे."

दुपारपर्यंत सात बायका बोर्सोकच्या, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, पराती घेऊन आल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. उमसुनाई कोणाची, कधी आली, सगळं! तरी आल्या, कारण असं हसायला रोज कुठे मिळतं? कालिपा हसून हसून रडली. मी हसलो नाही. मी बोर्सोक मोजले. एकशे बारा.

दुसऱ्या दिवशी जुमागुल आली. गळ्यात टॅब्लेट, चेहरा पडलेला.

"कालिपा आपा, मला माफ करा. मला बाळंतिणीची भेट नोंदवावी लागेल. नाही नोंदवली तर माझ्या नावापुढे लाल खूण येते."

"अगं, पण बाळंतीण कुठाय?" मी ओरडलो.

"ते मला दिसतंय, बाइके! त्याला दिसत नाही ना!" तिनं टॅब्लेटवर बोट आपटलं. "आपा, झोप लागते का?"

"यांच्या घोरण्यात?" कालिपा म्हणाली.

"झोप नाही," जुमागुलनं लिहिलं. "मन उदास असतं का?"

"यांच्याशी लग्न होऊन चव्वेचाळीस वर्षं झाली."

"कधी कधी," जुमागुलनं लिहिलं. "बाळाला अंगावर पाजता का?"

आता मात्र माझं पित्त खवळलं. "नाही लिही! मोठ्या अक्षरात नाही लिही!"

"नाही लिहिलं तर बाळ कुपोषणाच्या यादीत जातं, बाइके. चोवीस तासांत त्याला जिल्ह्याला भरती करावं लागतं. गाडी येते घ्यायला." आणि आमच्यावर उपकार म्हणून त्या भल्या पोरीनं "हो" वर टिचकी मारली.

त्या उपकाराचा मेसेज संध्याकाळी आला. मीच कालिपाला वाचून दाखवला. "प्रिय माते, आपण स्तनदा असल्यामुळे आपले चौदा एप्रिलचे ऑपरेशन रद्द करण्यात येत आहे. पुढील उपलब्ध तारीख: सतरा जानेवारी. बाळाला आमचे आशीर्वाद."

कालिपा या खेपेला हसली नाही. नुसती उठली, भिंतीला हात लावत लावत पाळण्याकडे गेली आणि वाकून पोरीच्या तोंडाजवळ तोंड नेलं. इतक्या जवळ की नाकाला नाक लागलं. तरी तिला काही दिसलं नाही, हे मला पाठमोऱ्या खांद्यांवरून कळलं.

"जानेवारीत ही धावत असेल," ती म्हणाली.

त्या रकान्यांत कालिपाचं नाव माझ्याच बोटानं गेलं होतं. पण स्वतःवर रागावून काय होणार? मी सरकारवर रागावलो, फोनवर रागावलो, बेइशेवर तर दोनदा रागावलो आणि ठरवलं, तारीख गेली खड्ड्यात, चौदाला जायचंच!

चौदाला पोरीला जुमागुलकडे सोडून आम्ही दोघं जिल्ह्याला पोचलो. नोंदणीच्या खिडकीत बुर्माकान नावाची बाई बसली होती. पूर्वी तिच्यामागे फायलींची भिंत होती. आता भिंत गेली, पडदा आला, रांग मात्र तेवढीच.

"बाइके, नाव रद्द दिसतंय. आपा अंगावर पाजतात."

"तिच्याकडे बघा!" मी कालिपाला खिडकीसमोर उभं केलं. "पांढरा रुमाल, पांढरे केस, गुडघे वाजतात ते इथपर्यंत ऐकू येतात! ही पाजते?"

"मला दिसतंय हो. पण सिस्टीममध्ये..."

"सिस्टीमला वय कळत नाही? जन्मसाल मी भरलंय!"

"वय वेगळ्या पानावर असतं. ती दोन पानं एकमेकांशी बोलत नाहीत."

"मग तुम्ही बोला त्यांच्याशी! तुम्हाला तोंड आहे ना?"

मागची रांग माझ्या बाजूनं झाली. एक म्हातारी काठी आपटून म्हणाली की ॲपमध्ये ती गेल्या हिवाळ्यातच वारली आहे, तिला आधी जिवंत करा, बाळंतिणी नंतर बघा. एवढ्यात डोळ्यांचे डॉक्टर तोलोगोन स्वतः बाहेर आले. दमलेला, भला माणूस. त्यांनी तिथेच कालिपाची पापणी वर केली.

"मोतीबिंदू पिकलाय. आणखी नऊ महिने थांबला तर काम अवघड होईल. मी आत्ता करतो. पण डोळ्यात बसवायचं भिंग नाव हिरवं झाल्याशिवाय कपाटातून निघत नाही. कपाटालाच कुलूप आहे, आणि कुलूपसुद्धा सिस्टीमचंच. मी तीन वाजेपर्यंत आहे."

भिंतीवरचं घड्याळ दोन वाजून दहा मिनिटं दाखवत होतं.

"एक उपाय आहे," बुर्माकान हळूच म्हणाली. "बाइके, तुम्ही लिहून द्या की ते मूल आपांचं नाही. मी तेवढं नाव काढते."

काठीवाली म्हातारीसुद्धा दोन पावलं मागे सरकली. कारण हे वाक्य आमच्याकडे कोणी उच्चारत नाही. मांडीवर घेतलेलं पोर "आमचं नाही" म्हणणं म्हणजे त्याला दारातून बाहेर ढकलणं. शेजाऱ्याशी भांडतानासुद्धा असं बोलत नाहीत.

"मी लिहिणार नाही," मी म्हणालो. "एकतीस वर्षांत मी खोटं लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं खोडलेलंही नाही. ती पोर आमची आहे!"

"बाइके, दोन वीस झाले."

"तीन वाजू देत! चार वाजू देत! त्या कपाटाला म्हणावं..."

"ऐका, वेधशाळा!" कालिपानं माझी बाही पकडली. चव्वेचाळीस वर्षं ती रागावली की मला याच नावानं हाक मारते. "बर्फ पडायचा तेव्हा तुम्ही लिहिलं म्हणून पडायचा का?"

"नाही."

"मग? तुम्ही लिहिलं नाही तर ती माझी राहणार नाही का? लिहा मुकाट्यानं! मला तिला बघायचंय. कागदावर कोणाची का असेना!"

मी लिहिलं. माझ्या आयुष्यातली पहिली खाडाखोड.

"आईच्या जागी आता कोणाचं नाव घालू?" बुर्माकाननं विचारलं.

"सुनेचं. साइकाल."

"मग तिचा अंगठा लागेल."

"ती बिश्केकमध्ये आहे!"

"मग तूर्तास मोकळं ठेवते." तिनं टिचकी मारली. नाव हिरवं झालं. आत कुठेतरी कपाट खट्ट करून उघडलं. दोन एकेचाळीस.

डोळ्यावरची पट्टी दुसऱ्या दिवशी सुटली, आणि तीन दिवसांनी आमच्या अंगणात उमसुनाईच्या पायांत दोरा बांधला. गावातल्या पोरी शर्यतीनं धावत आल्या, पहिली आली तिनं दोरा कापला. उमसुनाई तीन पावलं चालली आणि कालिपाच्या स्कर्टला लोंबकळली. कालिपानं तिला उचलून उन्हात धरलं. कितीतरी वेळ बघत राहिली. कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, कानांच्या पाळ्यासुद्धा. सगळं अंगण श्वास रोखून उभं.

"अगंबाई!" कालिपा किंचाळली. "हिला तर तुमचं नाक आहे! इतके दिवस कोणी बोललं का नाही मला?"

बेइशे हसत हसत खाटेवरून खाली पडला.

तेवढ्यात मेजावरचा माझा फोन वाजला. मी चष्मा शोधायला लागलो. चष्म्याची गरज आता घरात मला एकट्यालाच होती. कालिपानं फोन उचलला, उजवा डोळा ऐटीत बारीक केला आणि सगळ्या गावासमोर खणखणीत आवाजात वाचला:

"प्रिय पिता असानकुन, आपल्या बाळाला आई नसल्याचे आमच्या नोंदीत दिसून आले आहे. आपण एकल पालक म्हणून बाळाला न्हाऊ घालणे व लंगोट बदलणे ही कामे करू शकता का, याची तपासणी उद्या सकाळी दहा वाजता आपल्या घरी होईल. बाळाला आमचे आशीर्वाद."

मी जुमागुलकडे बघितलं. तिनं टॅब्लेट पोटाशी धरला आणि मान खाली घातली.

"पोरी," मी जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणालो, "ते ॲप तूच भरून देतेस का जरा? दहा मिनिटांचं तर काम."

"तपासणी झाल्याशिवाय ते पान उघडत नाही, बाइके."

"उद्या दहाला ना?" कालिपा म्हणाली, आणि तिनं अंगणातली खाट उचलून बरोबर दारासमोर, उजेडात लावली. "सगळ्यांनी चहाला या. मला आता इथून स्वच्छ दिसतं."