आंब्याच्या मोसमाची अट

लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर निवेदितानं नवऱ्याकडे लेखी करार मागितला, तेव्हा देवदत्त रियाधमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये पोह्यांवर लिंबू पिळत होता. बी पोह्यांत पडली. ती त्यानं शोधली नाही, यावरून त्याच्या मनःस्थितीची कल्पना यावी.

"कसला करार?"

"आपल्या दोघांतला. वर्षातून एकदा माहेरी जायचं तर तुझ्यामागे सत्तावीस वेळा लागावं लागतं. गेल्या वर्षी मोजलंय मी."

तक्रार खरी होती. निवेदिता तिथे राहायची नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर. तिला बाहेर जाऊन परत यायचं तर एक्झिट री-एन्ट्री व्हिसा नवऱ्यानंच आपल्या मोबाइलवरून काढायचा. काम चार मिनिटांचं. देवदत्तला त्यासाठी सहा आठवडे लागत. दोन वर्षांपूर्वी निवेदिता भावाच्या लग्नाला सांगलीत पोचली, तेव्हा मांडववाले कनाती गुंडाळत होते. यंदा तीन मेला तिच्या वडिलांची पंचाहत्तरी होती, आणि पुन्हा उरलेले लाडू खायला जायची तिची तयारी नव्हती.

कराराचं खूळ आलं होतं खालच्या मजल्यावरून. तिथे रत्नागिरीची सफूरा आणि तिचा तिकडचाच, खजुराचा व्यापारी नवरा अली राहायचे.

"आमच्या निकाहनाम्यात अब्बांनी अट घातलेली," सफूरा सांगायची. "आंब्याच्या मोसमात पोरीला दीड महिना माहेरी धाडायची. वीस वर्षं झाली, ह्यांनी एकदा पण नाय म्हटलं नाय. लिहिलेलं आहे ना, मग विषय खलास."

निवेदिताला हेवा वाटायचा. तिच्या लग्नात सप्तपदी झाली होती, पण त्यातलं एकही पाऊल लेखी नव्हतं.

देवदत्तला खरं तर राग यायला हवा होता. पण तो खुलला. बायकोशी चार गोड शब्द बोलताना त्याची जीभ अडखळायची; करार म्हटला की मात्र त्याला सुचायला लागायचं, कारण तो एका बँकेच्या कंत्राट विभागात होता. त्यानं लिफ्टच्या देखभालीच्या कंत्राटाचा नमुना घेतला, मराठीत उतरवला, जिथे जिथे 'लिफ्ट' होतं तिथे तिथे 'संसार' घातलं आणि आठवड्याभरात अकरा पानं बायकोपुढे ठेवली.

'संसार बंद पडल्यास चार तासांच्या आत दखल घेतली जाईल' हे कलम निवेदिताला आवडलं. 'संसारात क्षमतेपेक्षा जास्त माणसे एका वेळी घेऊ नयेत' याखाली तर तिनं पेनानं दोन रेघा मारल्या. कलम तीन तिनं स्वतः सांगून लिहून घेतलं: व्हिसा एक एप्रिलच्या आत, कुणी आठवण न करता. उशीर झाल्यास दिवसाला एक वेळ कारल्याची भाजी. कलम सात म्हणत होतं की कोणताही पक्ष दुसऱ्यापासून माहिती दडवणार नाही. कलम नऊ असं होतं: 'पहिल्या पक्षाला कोणतेही कारण न देता हा करार संपवता येईल.' पहिला पक्ष देवदत्त होता. पण हे कलम दोघांपैकी कुणीच वाचलं नाही. नवव्या कलमापर्यंत कुणी पोचत नाही, हे कंत्राट विभागात सगळ्यांना ठाऊक असतं. सह्या झाल्या.

एकतीस मार्चला दुपारी मीटिंग चालू असताना देवदत्तला कलम तीन आठवलं. आपलं आपल्याला आठवलं, याचाच त्याला इतका आनंद झाला की टेबलाखाली मोबाइल धरून त्यानं चार मिनिटांचं काम दीड मिनिटात उरकलं.

इकडे निवेदिताच्या फोनवर अरबी मेसेज आला. तो तिनं तेरा वर्षांच्या स्वानंदीपुढे धरला. शाळेत अरबी शिकवतात, त्याचा घरात एवढाच उपयोग होता.

"खुरूज निहाई," स्वानंदीनं वाचलं. "ममा, इट्स फायनल एक्झिट. म्हणजे गो, अँड डोन्ट कम बॅक."

"मला एकटीला?"

"येस. ओन्ली यू."

निवेदितानं फोन लावला. 'मी मीटिंगमध्ये आहे' असा मेसेज आला. मग तिनं करार काढला आणि पहिल्यांदाच नवव्या कलमापर्यंत पोचली. 'कोणतेही कारण न देता.' तिला रडू फुटलं. सोळा वर्षांत या माणसानं एक काम वेळेवर केलं होतं, आणि ते हे. अकरा पानं हातात घेऊन ती खाली सफूराकडे गेली.

संध्याकाळी देवदत्त कुनाफा या अरबी मिठाईचा बॉक्स घेऊन विजयी मुद्रेनं घरी आला. स्वानंदीनं दार उघडलं.

"बाबा, यू आर इन बिग ट्रबल. ममा सफूरा आंटीकडे आहे."

तो तसाच बॉक्ससकट खाली गेला. निवेदितानं फोन त्याच्यासमोर धरला. त्यानं आपल्या मोबाइलवर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"अगं, वरचा पर्याय निवडायचा होता, चुकून खालचा निवडला."

"सत्तावीस वेळा सांगते तेव्हा निदान परत तरी आणतोस. यंदा सांगितलं नाही, तर कायमचीच पाठवलीस. आणि हे कलम नऊ?"

"ते लिफ्टचं आहे," देवदत्त काकुळतीनं म्हणाला.

सफूरानं निवेदिताला स्वयंपाकघरात नेलं आणि चहा टाकला.

"कागदाला एवढी धरून बसू नको गो," ती हळू आवाजात म्हणाली. "आमच्या निकाहनाम्यात काय पण अट नाय. मीच ह्यांना तसं सांगितलं. लग्नाच्या दिवशी कागद वाचतंय कोण? हे ह्यांना कळू देऊ नको."

तिकडे गॅलरीत अलीनं देवदत्तला शेजारी बसवून आधीचा व्हिसा रद्द करायला लावला आणि नवा काढून घेतला. प्रत्येक बटणापाशी तो "थांबा, वाचा" म्हणत होता.

"तुमचं बरं आहे, अलीभाई," देवदत्त म्हणाला. "तुमची अट तरी साधी आहे."

"कसली अट?" अलीनं आत नजर टाकली. "अकरा वर्षांपूर्वी पासपोर्टच्या कामाला निकाहनामा काढलेला. तेव्हा वाचला मी. काय पण नाय त्यात."

"मग?"

"मग काय? आंबे लागले की तिला घर आठवतं. ती जाते. तुम्ही तिला बोलू नका हां."

दोघं जिना चढून वर आली.

"काय म्हणत होते अलीभाई?"

"काही नाही. खजुराचा भाव सांगत होते. आणि सफूरा?"

"काही नाही. आंब्याचं बोलत होती."

कलम सात दोन्ही पक्षांनी एकदमच मोडलं. मग निवेदितानं कुनाफ्याचा मोठा तुकडा देवदत्तच्या ताटलीत घातला.

त्या वर्षी ती सांगलीत पाच दिवस आधी पोचली आणि पंचाहत्तरीचे लाडू तिनं स्वतः वळले. व्हिसा आता दर मार्चमध्ये निघतो, आठवण करावी लागत नाही. हे सगळं कलम तीनमुळे, असं ती ओळखीच्या बायकांना सांगते. देवदत्त ते ऐकतो आणि मान डोलावतो. खरं तर तो करार त्यानं त्या मे महिन्यातच, ती सांगलीत असताना, फाडून टाकला आहे.