वेंकूअण्णाची फागली

भर उन्हात स्वतःचं टक्कल भाजत उभा राहून हातातलं इरलं वेलावर धरणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी रोज पाहिलाय. माझ्या परसाच्या कुंपणापलीकडेच तो उभा असे. आषाढात जरा उघडीप पडली की वेंकूअण्णा इरलं घेऊन बाहेर. धो धो पाऊस लागला की इरलं घरात, आणि अण्णा तसाच बाहेर. "पाऊस त्येला सोसतोय, ऊन न्हाई," हा खुलासा. शेजारणीनं एकदा चुकून त्या टकलावर सांडगे वाळत घातले होते, असं मी सांगतो तेव्हा आमच्या गुंद गावात कुणीही हरकत घेत नाही.

एकदा दौऱ्यावरचा गोरा जंगलसाहेब घोडा थांबवून बघत राहिला. गावानं श्वास रोखला. अण्णा म्हणाला, "सायेब, घोडं हलवू नगासा, सावली झ्याक पडलीया!" साहेब दिवस मावळेपर्यंत तिथंच उभा होता. घोडा तर अजून आहे, असं म्हणणारेही भेटतात.

वेल होता फागल्याचा. घाटावर याला करटुलं म्हणतात. लिंबाएवढं, हिरवं, अंगभर मऊ काटे, आणि रानात झाडांच्या सावलीत आपलं आपण येणारं. रानात फुकट मिळणारी भाजी परसात लावणारा आमच्याकडे वेडा ठरतो. अण्णानं तर त्यासाठी फणसाखाली रानच उभं केलं. टोपल्यांनी कुजका पाला आणून ओतला. तो इतका अस्सल होता की एक साळिंदर त्यातच बिऱ्हाड करून राहिलं.

हे सगळं बहिणीसाठी. अण्णाला बायको नाही, पोर नाही. आईबाप गेल्यावर गोदाक्काला त्यानंच खांद्यावर वाढवली, रानात फागली वेचत फिरवली आणि पुढे खानापुराकडं दिली. तिचा नवरा वारला तेव्हा अण्णा गाडी जुंपून तिला आणायला गेला. गोदाक्का मानी. भावाच्या दारात खायला बसायचं तिच्या मनात नव्हतं, आणि भावाला तोंडावर नाही म्हणवेना. म्हणाली, "परसात फागलं लाव. त्येला फळ धरलं की येते ऱ्हायला."

शहाण्या माणसाला यातला नकार कळला असता. अण्णाला अट कळली.

दर पावसाळ्यात वेल फणसावर चढे. पिवळी फुलं इतकी, की मधमाश्यांना रांग लावावी लागे. फळ एकही नाही! गाव कुंपणावर येऊन चिडवी, "काय अण्णा, आज भाजी कशाची?" अण्णाचं उत्तर ठरलेलं. "धरंल! न धरून जातंय कुठं?" आणि पुन्हा रानात, फागल्याच्या मुळांचे नवे गड्डे आणायला. त्याच्याइतकं हट्टी जनावर आमच्या सुपे तालुक्याच्या रानात दुसरं नव्हतं. वाघसुद्धा त्याला वाट देत. निदान मला तरी तसंच वाटे.

मग एका श्रावणात गोदाक्का पंचमीला दोन दिवस माहेरी आली, पेटी गाडीतच राहू दिली. फणसाखाली उभी राहून वर बघत राहिली. मी कुंपणाशी होतोच. माझं तिथं काय काम, ते विचारू नका.

"अण्णा, गड्डे कसले आणलास?"

"कसले म्हंजे? जे वेल धरत न्हाईत त्येंचे. धरणाऱ्या वेलाच्या गड्ड्याला हात लावतो व्हय आपण? लेकुरवाळी ती. तिला जाग्यावरनं उठवायची न्हाई."

रीत खरीच तशी. आमच्या रानात धरत्या वेलाचं फळ घ्यायचं, मूळ सोडायचं. अण्णा आत गेल्यावर गोदाक्का पदर तोंडाला लावून माझ्याकडे वळली. हसत होती की काय, कळेना.

"समदे बापेच लावल्यात रं येड्यानं! फागल्यात नराचा वेल येगळा, मादीचा येगळा. मादी न्हाई तर ह्ये जल्मात धरायचं न्हाई."

"मग सांगा की त्याला, गोदाक्का."

"तू बी सांगू नगंस," ती म्हणाली आणि किती तरी वेळ त्या फुलांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाच्या आरोळीनं सगळा गाव उठला. पलीकडच्या नंदिगड्डे गावचे कोंबडे त्या दिवशी आरवलेच नाहीत, त्यांना काम उरलं नाही. "धरलं! धरलं!" मी कुंपण ओलांडून धावलो. वेलाला हाताच्या उंचीवर सात-आठ फागली लोंबत होती. जवळ जाऊन पाहिलं. एकेका देठाला केळीच्या सोपटाचा बारीक धागा होता, अबोलीची वेणी गुंफताना बायका मारतात तशी नाजूक गाठ मारलेला. गोदाक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिचं लुगडं रानातल्या चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलं होतं.

मी फळाकडे बोट नेलं. अण्णानं माझं मनगट धरलं. त्याचे डोळे त्या गाठीवरच होते.

"हात लावू नगंस," तो हळू म्हणाला. अण्णाला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. मग ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गोदे, तुझी पेटी गाडीतनं काढून माजघरात ठेवतो गं."

तांदूळ निवडणारा हात थांबला.

"ठेव," ती म्हणाली.