भागोजीबाबांची माती

भागोजीबाबा समोर आले की रामराम नाही, आधी मूठ यायची. सरळ नाकाखाली. मुठीत माती. जावई असो की जमादार, हुकूम एकच: "वास घे." लग्नाच्या पंगतीतही त्यांच्या कनवटीला मातीची पुरचुंडी असे. वरपक्षाच्या एका पाहुण्याने तिला तंबाखू समजून चिमूट दाढेखाली धरल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

मी तेव्हा पोलादपूरच्या डोंगरात नवाकोरा ग्रामसेवक होतो. पहिल्याच दिवशी मूठ आली. मी शास्त्रीय चेहरा करून माती हुंगली, शिंकलो आणि म्हणालो, "ह्यूमस."

"तुजं ते काय आसंल ते. ह्यो ऐन हाय," बाबा म्हणाले. "माज्या ऐना-किंजळीचा पाला कुजलाय हिच्यात. आज्याच्या आज्यापासनं."

ते ऐन आणि त्या किंजळी मात्र कुठेच दिसत नव्हत्या. वाटणीत वरचा डोंगर बाबांना आला, खालचे भाताचे शेत धाकट्या लक्ष्मणाला. झाडे काही सारखी वाटता येईनात, म्हणून दोघांनी एकमताने ती कोळसेवाल्याला देऊन टाकली. हे त्यांचे शेवटचे एकमत. भट्ट्या लागल्या आणि सगळे रान पोत्यांत बसून महाडमार्गे मुंबईच्या शेगड्यांत गेले. उघड्या डोंगरावर बाबांनी नाचणी केली. दोनतीन पावसाळ्यांत तिथली काळी माती उतरून लक्ष्मणाच्या शेताच्या कोपऱ्यात जाऊन बसली. वर तांबडा मुरूम राहिला.

तेव्हापासून भात कापून झाले की बाबा रोज पाटी घेऊन खाली उतरत. आपली माती परत न्यायला. पावसाळ्यात ती पुन्हा खाली येई.

दोघा भावांत अबोला होता. पण बाबांचा निवाडा असा, "अबोला बोलन्यापुरता. भांडनाला काय हरकत हाय?"

"लक्षा, वाटनीत तुला शेत दिलं. माती नाय दिली."

"मी बोलावली व्हती काय तिला? आपल्या पायानी आली."

"माज्या घरची हाय ती."

"मंग दावं लावून बांधायची!"

"तुज्या भाताला तीच पोसते. लाज नाय वाटत?"

"काल तू गाळाबरोबर माजे खेकडंबी नेलंस, दादा. ते आदी परत आन!"

माझ्यासारख्या सुधारकाला हे बघवेना. मी उताराला आडवा दगडी बांध घालायचे ठरवले. श्रमदान झाले, महाडहून साहेब आले, नारळ फुटला. साहेबांना दाखवायला पहिली कुदळ मी मारली ती माझ्याच बुटावर. तेवढे सोडले तर बांध उत्तम झाला. पुढच्या पावसाळ्यात मातीचा कण खाली गेला नाही. भांडण मिटले. पोलादपूर आणि महाड, दोन्ही तालुक्यांत मी ही गोष्ट सांगत लंगडत हिंडलो.

त्या हिवाळ्यात बाबा खाली उतरले नाहीत. कोणाच्या नाकाखाली मूठही गेली नाही. मला वाटले, समाधान म्हणतात ते हेच.

वैशाखात एका सकाळी बघतो तो बांधाला खिंडार. गुरे असतील म्हणून मी काठी उगारून वर धावलो. बाबाच दगड काढत होते.

"अहो बाबा! आता पाऊस येईल, सगळी माती जाईल खाली!"

"सगळी नाय वो, भाऊसाहेब. थोडी."

"पण कशाला?"

ते दगडावर टेकले. खाली लक्ष्मण भाताच्या रोपांची जागा भाजायला पाला पसरत होता. वर मुळीच बघत नव्हता. जरा जास्तच बघत नव्हता.

"भरली पाटी एकट्याला डोक्यावर घेता येत नाय," बाबा म्हणाले. "त्यो हात लावायचा. शिव्या द्यायचा, पन आदी माज्या डोईवरची चुंबळ नीट करायचा."

एवढे बोलून ते उठले आणि एका मोठ्या दगडाशी झटू लागले. तो काही त्यांच्याने हलेना. साहेबांची जीप कुठे दिसते का, ते मी एकदा पाहून घेतले, आणि दगडाची दुसरी बाजू धरली.