आधी हात कुठे ते सांग

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून सेक्रेटरींनी खजिनदारांची मान काखेत आवळली, तेव्हा सगळे सोडवायला धावले. मागच्या खुर्चीवरून केळुसकर काका तेवढे शांतपणे म्हणाले, "हेडलॉक नाहीये तो. हेडलॉक बाजूने लागतो. हा समोरून आहे, फ्रंट फेसलॉक. मिनिट्समध्ये नीट लिहा."

भांडण तिथेच थांबलं. आपण इतकं नावाजलेलं काही करतोय याची सेक्रेटरींना कल्पनाच नव्हती.

काका माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. भांडुपच्या एका औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यांनी आयुष्यभर खोक्यांवर लेबलं चिकटवली. निवृत्तीनंतर लेबल लावायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी टीव्हीवरची परदेशी कुस्ती धरली. चकचकीत चड्ड्या घालून एकमेकांना आपटणारे ते धिप्पाड गडी काका रोज दुपारी चारला बघतात, तेही आवाज बंद करून. कॉमेंट्री ऐकून डावाचं नाव सांगणं म्हणजे त्यांच्या मते कॉपी.

रविवारी मी चहाला गेलो, की माझी परीक्षा.

"हा कुठला?"

"आपटला त्याला."

"मेल्या, आपटला ते शेंबडं पोरही सांगेल. आधी हात कुठे ते सांग. नाव नंतर."

मग कळायचं, की सुप्लेक्स आणि डीडीटी, दोन्हींत समोरच्याचं डोकं काखेतच असतं. पण एकात त्याला उचलून मागे टाकतात आणि दुसऱ्यात जागच्या जागी खाली आपटतात. एवढं ज्ञान पदरी पडूनही माझा पगार वाढला नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, पण हे सगळं खोटंच असतं ना?" तळलेल्या बांगड्यावर केचप मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"खोटं आहे म्हणून तर हात बघायचे. खऱ्या मारामारीत कोणीही कसंही पाडतो. इथे उचलणाऱ्यावर जबाबदारी असते. पडणाऱ्याला लागलं, तर तो डावच चुकला."

या विद्वत्तेचा खरा फटका बसला तो घरात येणाऱ्या मावश्यांना. दोन वर्षांपूर्वी काकींना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मूलबाळ नाही. त्यांना सांभाळायला ब्युरोतून एकामागून एक मावश्या आल्या आणि गेल्या. पहिलीने काकींना मागून काखांत हात घालून उचललं, तर काका म्हणाले, "फुल नेल्सन लावतेस काय?" तिला ती शिवी वाटली. तिसरीला त्यांनी आधी टीव्ही बघायला बसवलं. आत्ताची पाचवी टिकली, कारण आंघोळ, जेवण तिचं आणि उचलणं काकांचं, असा तह झाला.

पण मग काकांनाच हर्निया निघाला. डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, ऑपरेशन करा, महिनाभर वजन उचलायचं नाही, आणि आत्ताही उचलू नका. काका तारीख पुढे ढकलत राहिले. काकींना रोज सकाळ-संध्याकाळ खुर्चीत कोण बसवणार, हा एकच प्रश्न. मी दोनदा म्हटलं, "काका, मी आहे ना." त्यावर त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवून विचारलं, "हा कुठला?" मला राग आला. माणूस मरेल, पण क्विझ सोडणार नाही, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी टीव्ही बंद केला आणि मला आतल्या खोलीत नेलं. काकी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या.

"आज तू. बेअर हग. हात कुठे?"

काका काकींना उचलायचे, ते मी दर रविवारी बघत आलो होतो. आणि माझ्या तोंडून उत्तर आलं. "दोन्ही हात काखांखालून पाठीमागे. माझे गुडघे वाकलेले. कंबर नाही वाकवायची."

"तिचा उजवा हात?"

"पोटाशी. ओढायचा नाही."

"उजवा गुडघा?"

"माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये."

किती महिने हा माणूस मला काय शिकवत होता, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मला स्वतःची लाज वाटली. मी काकींना मिठीत घेऊन उचललं, तोच त्यांनी डाव्या हाताने माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या.

"टॅप झाला. सोड," काका म्हणाले.

टीव्हीवर हे शंभरदा बघितलं होतं. पकडीत सापडलेला गडी थापा मारतो, म्हणजे पुरे, लागतंय. समोरच्याने त्या क्षणी सोडायचं, कारण विचारायचं नाही. बोलता येत नसलेल्या बायकोला काकांनी हा एक शब्द दिला होता. मी काकींना परत टेकवलं. माझं घड्याळ त्यांच्या बरगडीला रुतत होतं. काकांनी ते काढून स्वतःच्या खिशात टाकलं. दुसऱ्या वेळी काकी एकही थाप न मारता खुर्चीत बसल्या.

काका स्वयंपाकघरात गेले. तिथून त्यांचा डॉक्टरांशी फोनवर बोलण्याचा आवाज आला. "गुरुवार चालेल."

गुरुवारी सकाळी खाली रिक्षा उभी होती. मी काकींना खुर्चीत बसवलं. मावशी काकांची हॉस्पिटलची पिशवी घेऊन दारात थांबली. काका काकींचा डावा हात धरून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, गुडघे वाकव, घड्याळ काढ, घाई करू नकोस, ती हलकी वाटते पण अर्ध्यात घसरते. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला. काकांचं सांगून झालं होतं, तरी हात सुटत नव्हता.

काकींनी त्यांच्याकडे बघितलं आणि बोटांनी त्यांच्या मनगटावर दोन थापा मारल्या.

काकांनी लगेच हात सोडला, आणि कारण न विचारता जिना उतरून गेले.